आधार होतं, तरी मावशीचं कार्ड काढावं लागलं

आधी मुद्द्याचं सांगून टाकते कारण आमच्या गल्लीत अजूनही दर आठवड्याला कोणी ना कोणी हेच विचारतं, की नेपाळला जायला आधार कार्ड चालतं का. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट असलाच पाहिजे असंही नाही. पण तुमचं वय १५ ते ६५ च्या मधे असेल तर नुसतं आधार कार्ड धरून जाऊ नका. पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक ओरिजिनल जवळ ठेवा. एवढं कळायला मला दोन महिने लागले आणि त्यातले दीड महिने मावशीच्या एका कार्डापायी गेले, तेच सगळं लिहून ठेवते.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, नेपाळमधली लुंबिनी, बुद्धांचं जन्मस्थान, बघायची होती. आईंचं वय ७१. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, आई तेव्हा तीनेक वर्षांच्या, कडेवर होत्या म्हणतात. दीक्षा दिल्यावर महिनाभरातच बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, नोव्हेंबर ५६ मधे, आणि डिसेंबरमधे ते गेलेच. ही गोष्ट आई दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी शेवटी म्हणतात की बोधगया झालं, सारनाथ झालं, कुशीनगर आणि लुंबिनी तेवढी राहिली, पाय आहेत तोवर नेऊन आणा. मागच्या खेपेला गुडघ्याचं इंजेक्शन घेऊन आल्यावर बोलल्या तेव्हा नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी राप्तीसागरचं बुकिंग बघितलं. नागपूरहून गोरखपूरला ती थेट जाते, गाडी बदलायचं टेन्शन नाही, आईंसाठी तेच महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२५ ची तिकिटं काढली. सहा जण: आम्ही दोघं, आई, पोरगा १६ वर्षांचा, पोरगी १२ ची, आणि माझी मावशी.

मावशी कामठीला एकटीच राहते. काका जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझी आई लवकर गेली तर बारावीपासून माझं सगळं मावशीनेच केलं. आईंना आणि तिला एकमेकींचं फार जमतं, दोघी मिळून वंदना म्हणतात तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. तर मावशीला सोडून जायचा प्रश्नच नव्हता.

ज्याच्याकडून तिकडच्या गाडीची आणि हॉटेलची चौकशी केली तो म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ ताई, आधार आहे ना सगळ्यांचं, बस झालं." मीही तेच समजून होते. आधारवर गॅस मिळतो, बँक चालते, पोरांची अ‍ॅडमिशन होते, तर बॉर्डर काउन नाही? पण ऑफिसातली एक मैत्रीण त्याआधीच्या दिवाळीत गेली होती तिने सांगितलं की त्यांच्या ग्रुपमधल्या दोघांना बॉर्डरवर बाजूला बसवलं होतं, आधारच होतं त्यांच्याकडे. तेव्हा मी रात्री बसून सरकारी सूचना वाचल्या. शब्द किचकट आहेत पण अर्थ असा.

भारत आणि नेपाळमधे ३१ जुलै १९५० चा मैत्री करार आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना येण्या-जाण्याला व्हिसा नाही. बॉर्डर १,७५१ किलोमीटरची आणि उघडी, म्हणजे पाकिस्तानच्या बॉर्डरसारखं कुंपण नाही. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बल असतं, एसएसबी. व्हिसा नाही म्हणजे ओळख लागत नाही असं मात्र नाही. १५ ते ६५ वयाच्या माणसाकडे पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड पाहिजे. १५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्यांना त्यातून सूट आहे पण त्यांच्याकडेही फोटो असलेला काहीतरी पुरावा पाहिजे, तिथे पॅन, लायसन, रेशन कार्ड असं चालतं आणि २०१९ च्या जानेवारीत गृह मंत्रालयाने सांगितलं की या दोन वयोगटांसाठी आधारही चालेल. बहुतेक हीच बातमी अर्धी ऐकून लोक "आता आधार चालतं" म्हणत सुटले. १५ ते १८ ची मुलं शाळेच्या मुख्याध्यापकाने ठरलेल्या नमुन्यात दिलेल्या ओळखपत्रावर जाऊ शकतात. आणि अजून एक, कुटुंब एकत्र असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं की बाकीच्यांना तेच पाहिजे असा आग्रह धरत नाहीत, फक्त फोटोचा पुरावा आणि नातं दिसेल असा कागद पाहिजे. पण कुटुंब म्हणजे कोण ते लिहून दिलंय: नवरा, बायको, अज्ञान (म्हणजे १८ च्या खालची) मुलं आणि आईवडील.

हे वाचलं आणि मी डायनिंग टेबलवर सहा जणांचे कागद मांडून बसले. नवरा, पासपोर्ट आहे, कंपनीच्या कामाला काढला होता. आई ७१, आधार चालेल. पोरगी १२, आधार आणि शाळेचं आयकार्ड. पोरगा १६, मधला. मी ४२, नवऱ्याच्या पासपोर्टवर कुटुंब म्हणून बसते. मावशी ६२. ना ६५ च्या वर, ना आमच्या कुटुंबात. मला वाढवणारी बाई, पण त्या ओळीत मावशी हा शब्दच नाही. त्या रात्री मला खूप लागलं ते, खरं सांगते. नियम कुठेतरी थांबणारच, नाहीतर जो तो सगळ्या गावाला कुटुंब म्हणेल, ते कळतं. पण लागलं.

मग मी मावशीचं आधार हातात घेऊन पाहिलं. त्यावर छापलेलंच आहे, "आधार ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही". कायद्यातही कलम ९ मधे तेच आहे. इतकी वर्षं झेरॉक्स काढली, कधी वाचलं नव्हतं. भारतात काही काळ राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं, म्हणजे ते सांगतं की ही बाई हीच आहे. बॉर्डरवर विचारतात ते वेगळं, ही बाई कुठल्या देशाची. मतदार यादीत फक्त नागरिकाचंच नाव येतं म्हणून ते कार्ड तिथे चालतं. एकदा हे डोक्यात बसलं तेव्हा माझा राग गेला, कारण हे कारण पटण्यासारखं आहे. फक्त कोणी सोप्या भाषेत सांगत नाही.

आता मावशीचं मतदार कार्ड कुठे? फोन केला तर म्हणाली, "ते जुनं कार्ड तं घर बदललं तवाच हारपलं. काउन लागते ते? आताच तं मतदान केलं म्या, आधार दाखवलं, शाई लावली." आणि बरोबर होतं तिचं. नोव्हेंबरमधे, २० तारखेला विधानसभेचं मतदान झालं, तिथे मतदार कार्ड नसलं तर बाकीचे बारा कागद चालतात, त्यात आधार आहे. त्यामुळेच तर कार्ड हरवून वर्षं झाली तरी तिला कधी अडलं नाही.

गाडीवाल्याला विचारलं तर त्याने सोपा उपाय सांगितला, "मावशीचं वय ६६ सांगा, आधारवर तारीख वाढवून घ्या, म्हाताऱ्या माणसाला कोण विचारते." मी सरळ नाही म्हणलं. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे मावशीची जन्मतारीख आधीच कोणीतरी ठोकून दिलेली आहे, १ जानेवारी, आपल्याकडच्या कितीतरी बायांची असते तशी, आधार काढताना ऑपरेटरने टाकलेली. अजून एक खोटी तारीख तिच्या नावावर चढवून तिला मी बुद्धाच्या जन्मभूमीला घेऊन जाऊ? नाही.

पासपोर्टचाही विचार केला. साधी फी १,५०० रुपये, साठच्या वरच्यांना दहा टक्के सूट, नागपुरात केंद्र आहेच. पण मावशीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पोलीस व्हेरिफिकेशन तिच्या कामठीच्या पत्त्यावर, हातात दोन महिने, आणि एखादा कागद अडला की सगळंच अडलं. म्हणून ठरवलं की मतदार यादीत तिचं नाव आहे ना, मग तिथलं कार्डच नवं काढू.

यादीत नाव शोधायला बसले तर सापडेचना. नाव, वडील किंवा पती, वय, जिल्हा सगळं भरून पाहिलं, मराठीत पाहिलं, इंग्रजीत पाहिलं. कार्डाचा नंबर असला तर लगेच निघतं पण कार्डच नाही. शेवटी रविवारी कामठीला गेले. मावशी म्हणाली, चिठ्ठी ठेवली हाय ना म्या. कॅलेंडरच्या मागच्या खिशात तिने नोव्हेंबरची मतदार चिठ्ठी जपून ठेवलेली, लाइट बिलासोबत. त्यावर यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि कार्डाचा नंबर, तीन अक्षरं आणि सात आकडे. मला इतकं हायसं वाटलं. (त्या चिठ्ठ्या मतदानानंतर फेकू नका, एवढं तरी कराच.)

नंबर टाकला आणि मग कळलं की नावाने का सापडत नव्हतं. यादीत तिच्या नावातलं मधलं एक अक्षरच नाही, वाचलं तर दुसरंच नाव वाटतं, आणि पतीच्या जागी वडिलांचं नाव. किती निवडणुका ही बाई अशीच चुकीच्या नावाने मतदान करून आली असेल. मी विचारलं तर म्हणाली, "दिसलं होतं मले. पण मतदान करू देत होते ना, मंग कायले बोलाचं." मला रडू आलं. काका गेल्यावर पेन्शनच्या कागदात एक नाव, बँकेत दुसरं, रेशन कार्डावर तिसरं, आणि प्रत्येक खिडकीवर ही मान खाली घालून उभी राहिली असणार. पुरुषाचं नाव जन्मापासून एकच राहतं. बाईचं लग्नात बदलतं, मग ज्याच्या हाती पेन त्याला ऐकू येईल तसं उमटतं. तेव्हा ठरवलं की नुसतं डुप्लिकेट कार्ड नाही काढायचं, नाव दुरुस्त करूनच काढायचं.

त्यासाठी फॉर्म ८. २०२२ पासून पत्ता बदलणं, नोंदीतली दुरुस्ती, हरवलेलं किंवा खराब झालेलं कार्ड परत घेणं आणि दिव्यांग म्हणून नोंद, ही चारही कामं एकाच फॉर्म ८ वर होतात. नवीन नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६. लोक इथेच चुकतात, कार्ड हरवलं की परत फॉर्म ६ भरतात आणि दोनदा नाव पडतं. मी मोबाइलवरच भरला, निवडणूक आयोगाची साइट आहे आणि ॲपही आहे, ओटीपी माझ्या नंबरवर घेतला, दुरुस्तीचा पर्याय निवडला, आधार आणि काकांचा मृत्यूचा दाखला अपलोड केला, फोटो नवा काढून टाकला. फोटोसाठी मावशीने पांढरी साडी काढली, कडक इस्त्रीची, आणि चष्मा पुसून पुसून घातला. सबमिट झालं की रेफरन्स नंबर येतो, तो लिहून ठेवला आणि रोज बघायचे. काही अडलं तर हेल्पलाइन आहे, नंबर १९५०. करारही १९५० चा आणि हेल्पलाइनही १९५०, त्यामुळे पोरीला पाठ झालं ते.

आठ दिवस काहीच हललं नाही. मग बीएलओ ताईंचा फोन आला. बीएलओ म्हणजे त्या भागाच्या यादीचं काम बघणारी व्यक्ती, बऱ्याच ठिकाणी शिक्षक नाहीतर अंगणवाडीच्या ताई असतात, आपलं रोजचं काम सांभाळून हे करतात. या अंगणवाडीच्याच होत्या. मी मुद्दाम हाफ डे घेऊन कामठीला गेले. ताई आल्या, मूळ कागद बघितले, शेजारी विचारलं, मावशीला तोंडी नाव विचारलं. मावशीने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, मग न विचारता आईवडिलांचं आणि गावाचंही सांगितलं. ताई म्हणाल्या, "मावशी, इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नाही का हो?" चहा झाला. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यादीत दुरुस्ती झाली की ई-कार्ड डाउनलोड होईल, पण बाहेर जाताना छापील कार्डच न्या, पोस्टाने येईल. २०२१ पासून ते ई-एपिक मिळतं, पीडीएफमधे. आम्ही ते डाउनलोड करून प्रिंट ठेवलं होतं जवळ पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही असंच ठरवलं होतं.

या मधल्या काळात पोराचं. आता नवऱ्याच्या पासपोर्टवर तोही कुटुंबात येतो, अज्ञान मूल म्हणून, पण एक दिवस बाप आईंना घेऊन पुढे आणि पोरगा आमच्याबरोबर मागे असं झालं तर? म्हणून प्राचार्यांचं पत्र घ्यायचं ठरवलं. त्याच्या कॉलेजच्या ऑफिसात पहिल्यांदा बोनाफाईड दिलं, त्यावर फोटोच नाही. दुसऱ्यांदा फोटो चिकटवून दिला पण शिक्का कागदावर, फोटोवर नाही. तिसऱ्यांदा मी नमुना छापून घेऊन गेले, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वर्ग, पत्ता, फोटो आणि त्या फोटोवर अर्धा येईल असा शिक्का आणि प्राचार्यांची सही. क्लार्क म्हणाले, असं पहिल्यांदाच कोणी मागून राहिलं. तीन चकरा झाल्या पण मिळालं. ज्यांची मुलं दहावी ते बारावीत आहेत त्यांनी नमुना सोबत घेऊनच जा, एका चकरेत होतं.

माझं स्वतःचं मतदार कार्ड निघालं भंडाऱ्याचं, माहेरच्या नावाचं, एम टी ने सुरू होणाऱ्या जुन्या लांबलचक नंबरचं. लग्नाला अठरा वर्षं झाली. मावशीचा फॉर्म भरता भरता माझाही भरला, पत्ता बदलायचा. माझं कार्ड निघेपर्यंत आलं नाही, आमच्या परतीनंतर आलं, पण मला नवऱ्याच्या पासपोर्टचा आधार होता, शिवाय रेशन कार्डावर नातं लिहिलेलं होतं, ते ओरिजिनल घेतलं.

मावशीचं स्पीड पोस्ट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. पोस्टमनने दारातच सही घेतली. तिने मला फोन केला आणि पाकीट फोडलं नाही, मी आल्यावरच फोडलं. नाव पूर्ण. पतीचं नाव पतीच्या जागी. तिने कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं आणि बुद्धांच्या फोटोसमोर ठेवलं, मग तांदळाच्या डब्यावर ठेवलं, मग परत उचलून पर्समधे.

पैशाचंही सांगते कारण ते बॉर्डरवरच कळतं. आम्ही गेलो तेव्हा तिकडे भारतीय १०० च्या वरच्या नोटा चालत नव्हत्या, २०१८ पासून तो नियम होता, म्हणून नागपुरातच बँकेतून शंभराची गड्डी घेतली. तिकडे आपल्या पैशाला आयसी म्हणतात आणि त्यांच्या पैशाला एनसी, आणि १०० आयसीचे १६० एनसी, हा भाव कित्येक वर्षं पक्का आहे. दुकानात भाव विचारताना आयसी का एनसी ते आधी विचारा.

प्रवासाचं फार लिहीत नाही. गोरखपूरला उतरलो, आधी कुशीनगर केलं, ते पन्नासेक किलोमीटर आहे. तिथे निजलेल्या बुद्धमूर्तीजवळ आई बराच वेळ बसल्या, कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप करून सोनौलीला निघालो, शंभरेक किलोमीटर, शेवटी नौतनवा लागतं आणि मग ट्रकांची रांग सुरू होते ती थेट बॉर्डरपर्यंत.

सोनौलीला बघाल तर तुम्हाला वाटेल इथे काही लागतच नाही. सायकलवर भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं, एका बाजूहून लग्नाला चाललेल्या बाया, सगळे आरामात इकडून तिकडे. त्यांना रोजचं आहे, जवान चेहऱ्याने ओळखतात. पण आमच्यासारखे बॅगा घेऊन, लांबच्या बोलीत बोलणारे दिसले की थांबवतात. आमच्या पुढे एक मोठा ग्रुप होता, त्यातही मराठी ऐकू आलं म्हणून बघितलं तर आपल्याच विदर्भातले. त्यातल्या चार-पाच जणांकडे आधार होतं फक्त, तेही मोबाइलमधे. त्यांना एका बाजूला बसवलं होतं आणि त्यातली एक बाई, साधारण पन्नाशीची, सारखी म्हणत होती, "आमी भारताचेच हाओ ना भाऊ." मला बघवेना. जवान उर्मट नव्हता, तो परत परत तेच सांगत होता की वोटर कार्ड दिखाइए माताजी. तिचं घरी होतं म्हणे, कपाटात. आम्हाला कोणी सांगितलंच नाही म्हणाली. त्यांचा पुढे काय निकाल लागला ते आम्हाला बघायला मिळालं नाही, आमचा नंबर आला.

नवऱ्याने पासपोर्ट दिला, मी रेशन कार्ड आणि सगळ्यांची आधार दिली, पोराने त्याचं पत्र दिलं. जवानाने फोटोवरचा शिक्का बघितला आणि मान हलवली. आईंना विचारलं, अम्मा कहाँ जाना है, त्या म्हणाल्या, भगवान के घर. मग मावशी. तिने कार्ड पर्समधून आधीच काढून दोन्ही हातांत धरलेलं. जवानाने घेतलं, चेहरा बघितला, परत दिलं. दहा सेकंद. दीड महिना आम्ही त्या दहा सेकंदांसाठी धावलो होतो. पलीकडे बेलहियाला नेपाळी पोलिसांनी एवढंच विचारलं की कुठे आणि किती दिवस. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं, पोरीने सगळ्यांचं करून दिलं.

लुंबिनी तिथून पंचवीसेक किलोमीटर. हॉटेलवर परत ओळख मागितली आणि रजिस्टरमधे नंबर लिहून घेतले, म्हणून दोन-दोन झेरॉक्स ठेवा.

मायादेवी मंदिरात चपला बाहेर, आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. आत जन्मस्थानाचा दगड बघायला रांगेतून जायचं. मागे अशोकाचा स्तंभ. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी स्वतः इथे आला आणि त्याने कोरून ठेवलं की बुद्ध शाक्यमुनी इथे जन्मले. लुंबिनी गावाचा करही त्याने माफ केला आणि पिकातला वाटा आठवा हिस्सा केला, तेही त्यातच आहे. हा स्तंभ १८९६ मधे परत उजेडात आला आणि त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांमुळेच जगाला खात्री पटली की लुंबिनी हीच. मी हे पोरांना वाचून दाखवत होते तर मावशी मागून म्हणाली, "म्हंजे तथागताचा बी जन्माचा दाखला हाय. दगडावर." तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी वळून बघितलं. ती स्तंभाकडे हात जोडून उभी होती आणि पर्स काखेत घट्ट. आईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघींनी त्रिशरण म्हटलं, हळू आवाजात, आजूबाजूला श्रीलंकेचे लोक होते, थायलंडचे होते, त्यांचंही आपापल्या चालीत तेच चालू होतं. पोरगा म्हणाला, आई, शब्द सेम आहेत.

दोन दिवस राहिलो. परत येताना सोनौलीला दुपारची गर्दी, आपल्या बाजूला बॅगा उघडून बघत होते आणि ओळखपत्रं परत मागत होते. परतीलाही लागतात, बॅगेत तळाशी टाकू नका. या वेळी दुसरा जवान होता, वयाने अगदी लहान, माझ्या पोराहून पाच-सहा वर्षं मोठा असेल. तो प्रत्येकाचं कार्ड घेऊन नाव मोठ्याने वाचायचा आणि माणसाकडे बघायचा. मावशीचं कार्ड घेतलं. त्याने तिचं नाव वाचलं, मग काकांचं, मग आडनाव, एकही अक्षर न खाता.

मावशी दोन पावलं पुढे झाली आणि म्हणाली, "हो बाबू. मीच."